बालवाङ्मयांतील इतिहास आणि बेलापूरचा किल्ला

विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक काढून थोरांचीं चरित्रें सुबोध भाषेंत मुलांपुढें ठेविलीं. पुढें ऐतिहासिक बालवाङ्मय वाढलें. परंतु आख्यायिका व प्रमाण यांतील भेद त्यांत पुष्कळदां राहिला नाहीं. दिवाळ्यालगतचा बेलापूरचा किल्लाच पाहावा. वसई १७३९ सालीं मराठ्यांनीं घेतली, हें कागदांवरून सिद्ध आहे; चिमाजीअप्पांनीं अमृतेश्वरास बेल वाहण्याचा नवस केला व त्यावरून बेलापूर नांव पडलें, ही आख्यायिका होय. ती मुलांस अवश्य सांगावी. मात्र ‘असें सांगतात’ हे शब्द गाळूं नयेत. बालपणीं निःशंक वाचलेली कथा मोठेपणीं अस्सल पत्रासही खोटें पाडूं पाहते. यास्तव संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतील एखाद्या मोडी पत्राचें छायाचित्र बालपुस्तकांस द्यावें. निर्मूळ न लिहिण्याची मल्लिनाथाची प्रतिज्ञा बालवाचकांसाठींही पाळलीच पाहिजे.