सिंदेवाही अवकाश कचरा घटना (२०२२)

सिंदेवाही अवकाश कचरा घटना ही महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात २ एप्रिल २०२२ रोजी घडलेली घटना आहे. त्या दिवशी सायंकाळी गुजरात, मध्य प्रदेश व महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आकाशात जळत जाणाऱ्या अज्ञात वस्तूंची रांग दिसली. त्यानंतर सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे व पवनपार परिसरात एक गोलाकार पात्र आढळले. सुरुवातीला उल्कावर्षाव, विमान अपघात, उपग्रहाचे पतन असे अनेक तर्क मांडले गेले. या वस्तू चीनच्या चांग झेंग ३बी (लाँग मार्च ३बी) या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचे मानले जाते. आकाशात दिसलेल्या अज्ञात वस्तूचे अवशेष प्रत्यक्ष हाती लागल्याने तिची ओळख पटविता आली, अशा भारतातील मोजक्या प्रकरणांत या घटनेचा समावेश होतो.

पार्श्वभूमी

सिंदेवाही हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील, धानशेती व वनक्षेत्र असलेला तालुका आहे. २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. सणामुळे सायंकाळी अनेक लोक घराबाहेर होते. लाडबोरी येथे त्या वेळी सामूहिक भोजनाची तयारी सुरू होती. त्यामुळे या घटनेला मोठ्या संख्येने साक्षीदार लाभले आणि भ्रमणध्वनीवर टिपलेली चित्रणे काही मिनिटांतच राज्यभर पसरली.

घटनाक्रम

सायंकाळी सुमारे पावणेआठच्या सुमारास आकाशात तेजस्वी ठिपक्यांची एक रांग संथ गतीने सरकताना दिसली. प्रत्येक ठिपक्यामागे पिवळसर-तांबडा पट्टा होता. गुजरात व मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागातून, तसेच जळगाव, अकोला, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतून हे दृश्य दिसल्याचे नोंदवले गेले. ठिकाणांचा हा क्रम पाहता वस्तूंचा मार्ग साधारणपणे वायव्येकडून आग्नेयेकडे होता.

त्यानंतर थोड्याच वेळात लाडबोरी येथे मोकळ्या जागेत मोठा आवाज होऊन एक तप्त कडे कोसळले. या घटनेत जीवितहानी झाली नाही. पवनपार परिसरात गोलाकार पात्र आढळले आणि पुढील दिवसांत तालुक्याच्या इतर भागांतूनही अशाच वस्तू सापडल्याच्या वार्ता आल्या.

सापडलेल्या वस्तू

लाडबोरी येथील कड्याचा व्यास सुमारे ३ मीटर व वजन सुमारे ४० किलोग्रॅम असल्याचे सांगण्यात आले. पवनपार येथील गोलाचा व्यास सुमारे अर्धा मीटर होता. प्रक्षेपकांमध्ये असे गोल उच्च दाबाखालील वायू, प्रामुख्याने हेलियम, साठविण्यासाठी वापरतात. इंधन व ऑक्सिडीकारक यांच्या टाक्यांमध्ये आवश्यक दाब कायम राखण्याचे काम हा वायू करतो. उच्च दाब सहन करण्यासाठी अशी पात्रे अत्यंत मजबूत व उष्णतारोधक द्रव्यांची बनवलेली असतात आणि त्यांचा आकार गोल असल्याने उष्णता एकाच बिंदूवर साठत नाही. त्यामुळे प्रक्षेपकाचा बहुतांश भाग वातावरणात जळून गेला तरी ही पात्रे अनेकदा जमिनीपर्यंत पोहोचतात. जगात विविध ठिकाणी सापडलेल्या अवकाशीय अवशेषांत अशा गोलांचे प्रमाण लक्षणीय आहे.

चौकशी

घटनेनंतर स्थानिक महसूल व पोलीस यंत्रणेने गावांना भेटी दिल्या आणि सापडलेल्या वस्तू सिंदेवाही पोलीस ठाण्यात ठेवण्यात आल्या. जिल्हा प्रशासनाने या वस्तूंची माहिती वरिष्ठ यंत्रणांना कळवली. चंद्रपूर येथील खगोल अभ्यासक सुरेश चोपणे यांनीही या वस्तूंची शास्त्रीय तपासणी व्हावी, अशी भूमिका मांडली. एप्रिल महिन्यातच भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या (इस्रो) शास्त्रज्ञांनी सिंदेवाही येथे येऊन वस्तूंची पाहणी केली.

ओळख पटविण्याची प्रक्रिया

उल्का असल्याचा तर्क

पहिला तर्क उल्केचा होता. मात्र प्रत्यक्ष दृश्य त्याच्याशी जुळत नव्हते. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगाने वातावरणात शिरतात आणि बहुधा काही सेकंदांतच विझतात. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू मात्र सेकंदाला सुमारे ७ ते ८ किलोमीटर वेगाने आणि जमिनीशी अत्यंत लहान कोन करून वातावरणात येते. परिणामी तिचे जळणे दीर्घकाळ, कधी एक मिनिटाहून अधिक, दिसत राहते. सुमारे ८० किलोमीटर उंचीवर तिचे तुकडे होतात व ते एकामागोमाग एकाच दिशेने जाताना दिसतात. चित्रणांतील संथ गती व समांतर ठिपक्यांची रांग ही पुनर्प्रवेशाची लक्षणे होती.

इलेक्ट्रॉन प्रक्षेपकाचा तर्क

त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडमधील माहिया द्वीपकल्पावरून रॉकेट लॅब या कंपनीच्या इलेक्ट्रॉन प्रक्षेपकाने ब्लॅकस्काय कंपनीचे उपग्रह सोडले होते. वेळेच्या या सान्निध्यामुळे दिसलेल्या वस्तू त्याच प्रक्षेपकाच्या असाव्यात, असे मत औरंगाबाद येथील खगोल अभ्यासकांकडून व्यक्त झाले आणि त्यास मोठी प्रसिद्धी मिळाली. तथापि, इलेक्ट्रॉन प्रक्षेपकाचा व्यास केवळ १.२ मीटर आहे. सुमारे ३ मीटर व्यासाचे कडे त्याचा भाग असू शकत नाही.

चांग झेंग ३बी

अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी चित्रणे प्रसिद्ध झाल्यानंतर लगेचच वेगळा निष्कर्ष मांडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी (क्रमांक वाय७७) प्रक्षेपकाचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतणे अपेक्षित होते व त्याचा मार्ग निरीक्षणांशी चांगला जुळत होता, असे त्यांनी नमूद केले. अवशेषांचे मोजमापही याच दिशेने निर्देश करते. या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर असून लांबी सुमारे १२ मीटर आहे. तो द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालतो.

चांग झेंग ३बी प्रक्षेपक चीनमधील शिचांग येथून सोडला जातो व मुख्यतः भूस्थिर उपग्रहांसाठी वापरला जातो. उपग्रह सोडल्यावर त्याचा तिसरा टप्पा अतिलंबवर्तुळाकार कक्षेत उरतो. या कक्षेचे पृथ्वीपासून सर्वांत दूरचे टोक सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असते, तर सर्वांत जवळचे टोक काही शे किलोमीटरवर असते. प्रत्येक फेरीत जवळच्या टोकाशी विरळ वातावरणाचे घर्षण होऊन कक्षा आक्रसत जाते. वाय७७ च्या बाबतीत प्रक्षेपण व पतन यांमध्ये सुमारे १४ महिन्यांचे अंतर होते.

पूर्वसूचनेची मर्यादा

पतन अपेक्षित होते, तर गावांना सूचना का मिळाली नाही, हा प्रश्न घटनेनंतर वारंवार विचारला गेला. नियंत्रण नसलेल्या वस्तूचा पुनर्प्रवेश कधी होईल, हे वरच्या वातावरणाच्या घनतेवर अवलंबून असते. ही घनता सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलते, शिवाय वस्तू स्वतःभोवती कशी गडगडते यावरही घर्षण ठरते. वस्तू सेकंदाला ७ किलोमीटरहून अधिक वेगाने जात असल्याने मुंबई ते सोलापूर एवढे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर ती एका मिनिटाच्या आत कापते. अंदाजात केवळ दहा मिनिटांची चूक झाली, तर पतनाचे ठिकाण चार हजार किलोमीटरहून अधिक सरकते. त्यामुळे दिवस व संभाव्य पट्टा सांगता आला तरी तालुका किंवा गाव सांगणे शक्य नसते. समुद्राच्या निर्जन भागात नियंत्रित रीतीने टप्पा उतरवणे हा यावरील उपाय आहे. परंतु त्यासाठी राखीव इंधन व इंजिन पुन्हा सुरू करण्याची क्षमता आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय कायदा

वस्तूची ओळख पटविणे ही केवळ शास्त्रीय जिज्ञासेची बाब नसून तिला कायदेशीर महत्त्व आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूवरील मालकी ती पृथ्वीवर परतल्यानेही बदलत नाही. १९६८ च्या बचाव कराराच्या पाचव्या अनुच्छेदानुसार आपल्या भूमीवर अशी वस्तू आढळल्यास संबंधित राष्ट्राने प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्राला व संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांना कळवणे अपेक्षित आहे. वस्तू परत मागितल्यास प्रक्षेपक राष्ट्राला ओळखीचा तपशील द्यावा लागतो आणि परत करण्याचा खर्चही उचलावा लागतो. १९७२ च्या दायित्व करारानुसार भूपृष्ठावर झालेल्या हानीसाठी प्रक्षेपक राष्ट्राचे दायित्व निरपेक्ष असते. म्हणजेच त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. भरपाईचा दावा साधारणपणे एका वर्षाच्या आत राजनैतिक मार्गाने करावा लागतो. भारत व चीन ही दोन्ही राष्ट्रे या करारांची पक्षकार आहेत.

या व्यवस्थेत ग्रामस्थाला थेट परकीय राष्ट्राकडे या करारान्वये दावा करता येत नाही. तो त्याच्या वतीने राष्ट्राने करावयाचा असतो. त्यासाठी वस्तू कोणाची आहे, हे प्रथम निश्चित व्हावे लागते. सापडलेला तुकडा कोणी भंगार म्हणून विकला किंवा स्मृतिचिन्ह म्हणून घरी ठेवला, तर हा पुरावाच नष्ट होतो. शिवाय काही प्रक्षेपकांत हायड्राझिनसारखी विषारी रसायने वापरली जात असल्याने अशा वस्तूला हात न लावता पोलिसांना कळविणे सुरक्षित ठरते.

दायित्वाचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण सोव्हिएत संघाच्या कोसमॉस ९५४ या अणुभट्टी असलेल्या उपग्रहाचे आहे. तो २४ जानेवारी १९७८ रोजी कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनडियन डॉलरचा दावा केला व १९८१ मध्ये ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

तत्सम घटना

भारतातील तत्सम प्रकरणे

१९७९ मध्ये अमेरिकेचे स्कायलॅब हे अवकाश स्थानक कोसळणार असल्याच्या वार्तेने भारतभर भीती पसरली होती. ११ जुलै १९७९ रोजी त्याचे अवशेष हिंदी महासागर व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. सिंदेवाहीच्या घटनेनंतर सुमारे सहा आठवड्यांनी, मे २०२२ मध्ये, गुजरातच्या आणंद जिल्ह्यातील गावांतही धातूचे गोल पडले.

केवळ निरीक्षणावर आधारित प्रकरणांची चौकशी अधिक कठीण ठरली आहे. २०१२ मध्ये लडाखमधील चीन सीमेलगत सैन्याच्या तुकड्यांनी शंभराहून अधिक वेळा प्रकाशमान वस्तू दिसल्याचे कळवले. हा विषय संसदेतही उपस्थित झाला आणि अज्ञात वस्तू दिसल्याचा निर्णायक पुरावा नसल्याचे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी सांगितले. पुढे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदी तपासल्या, तेव्हा त्या वस्तू शुक्र व गुरू हे ग्रह असल्याचे दिसून आले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळाच्या परिसरात अज्ञात वस्तू दिसल्याने विमान वाहतूक काही तास थांबवण्यात आली व हवाई दलाने हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली. त्यानंतर ती वस्तू पुन्हा दिसली नाही.

भारतीय अवशेष परदेशात

जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ग्रीन हेड येथील किनाऱ्यावर एक मोठा धातूचा नळकांडीसदृश भाग वाहून आला. तो इस्रोच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग असण्याची सर्वाधिक शक्यता असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने ३१ जुलै २०२३ रोजी जाहीर केले. सिंदेवाहीत अवशेष स्वीकारणाऱ्या भारताची भूमिका येथे प्रक्षेपक राष्ट्राची होती.

इतर देशांतील चौकशी यंत्रणा

अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात ब्लू बुक प्रकल्पाद्वारे १२,६१८ निरीक्षणांची नोंद केली. त्यांपैकी ७०१ निरीक्षणांचा उलगडा झाला नाही. फ्रान्समध्ये राष्ट्रीय अवकाश संस्थेच्या अंतर्गत १९७७ पासून असा विभाग कार्यरत असून तो आपल्या चौकशीच्या नोंदी जनतेसाठी खुल्या ठेवतो. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने आपला विभाग २००९ मध्ये बंद केला. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मधील अहवालात अशा निरीक्षणांचा उलगडा न होण्यामागे दर्जेदार माहितीचा अभाव हे मुख्य कारण असल्याचे नमूद केले.

नंतरच्या घडामोडी

अवकाशीय वस्तूंचा मागोवा घेण्यासाठी इस्रोने नेत्र हा प्रकल्प हाती घेतला आहे. सिंदेवाहीच्या घटनेनंतर तीन महिन्यांनी, ११ जुलै २०२२ रोजी, बंगळूर येथे सुरक्षित व शाश्वत अवकाश व्यवस्थापनासाठीच्या इस्रोच्या केंद्राचे (आयएस४ओएम) उद्घाटन झाले. २०३० पर्यंत भारताच्या सर्व अवकाश मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले.

हेही पाहा

अवकाश कचरा
अज्ञात उडत्या वस्तू
भारतीय अंतराळ संशोधन संस्था
स्कायलॅब
लोणार सरोवर
सिंदेवाही तालुका