छत्रीधारी पलटण व कोकणचा तरुण

गेल्या शिमग्यात आमचा एक जुना विद्यार्थी वेळणेश्वरी आला असता आमच्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, पॅराशूट रेजिमेंटमध्ये जायचे ठरवले आहे. पलटण कोणती मागू?" मातोश्रींचा आग्रह बेळगावचा होता. मराठा रेजिमेंटच्या त्या केंद्रात ओळखीची माणसे भेटतील, असे त्या माउलीचे म्हणणे.

त्याच्या पणजोबांना हा प्रश्न पडला नसता. इंग्रजी अमदानीत पायदळाची भरती जातवार चाले. मराठा पलटणींत 'दख्खनी' व 'कोकणी' अशा वेगळ्या कंपन्या असत. जन्म जेथे, पलटण तेथे. महार बांधवांना तर हे दार दीर्घकाळ बंदच होते. त्यांची रेजिमेंट बेळगावी उभी राहिली ती १९४१ साली. ज्ञातीच्याच स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु घडले ते असे.

छत्रीधारी सैन्याचा आपल्या मुलखाशी संबंध मात्र जुना आहे. १५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या तीन पलटणी पंजाब, मराठा व कुमाऊँ या रेजिमेंटांतून आल्या. त्यांतील दुसरी, म्हणजे आपली जुनी तिसरी मराठा. मूळ स्थापना १७९७ची. पहिल्या महायुद्धात ती कुतच्या वेढ्यात सापडली. दुसऱ्या महायुद्धात केरेनच्या डोंगरावर व पुढे इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी पडली असता एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ती त्यांनी बंद पाडली व तेथेच धारातीर्थी पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे माणगावकडचे. मुंबईस जाणारी आपली गाडी त्याच माणगावावरून जाते. किती प्रवासी मान वर करून पाहतात कोण जाणे! १९४८ साली झांगर परत घेण्याच्या लढाईतही ही पलटण होती.

११ डिसेंबर १९७१ रोजी ती टांगाईलजवळ विमानांतून उतरली, पुंगलीचा पूल तिने धरला, आणि त्याच सायंकाळी उत्तरेकडून तेथे येऊन मिळाली ती पहिली मराठा, अर्थात जंगी पलटण! परक्या मुलखात अंधारात मराठी बोल ऐकू आले तेव्हा त्या जवानांना काय वाटले असेल, ते आम्ही विद्यार्थ्यांना पुष्कळदा विचारीत असू.

पुढे दुसरी पॅरा विशेष दलात गेली. १९९६ साली एकविसावी मराठाही त्याच मार्गाने एकविसावी पॅरा झाली. तेव्हा नावाने मराठी परंपरेच्या पलटणी या दोन. मात्र त्यांत आज सर्व प्रांतांचे व जातींचे जवान असतात. तेथे आडनाव कोणी विचारीत नाही. परीक्षेच्या कठोर काळात टिकणे व आग्र्यास पाच उड्या मारून पंख मिळविणे, एवढेच पाहतात. विशेष दलाची कसोटी याहून कडक, आणि परत पाठविले जाणारे पुष्कळ.

आम्ही त्यास हे सर्व सांगितले. तो म्हणाला, "पसंती सांगता येते गुरुजी, हुकूम वरून येतो." मग जरा थांबून, "पण मराठी बोलणारे कोणी नसले तरी चालेल ना?" आम्ही हो म्हणालो, तेव्हा त्याची आई दारात उभी होती. तिने आमच्याशी दोन दिवस भाषण केले नाही.

तो गेला आहे. कोणती पलटण मागितली, ते त्याने फोनवर अद्याप सांगितलेले नाही.