दिनविशेष : २० एप्रिल
आभाळातले जिवाणू

२००५ : पृथ्वीवरील जीवसृष्टी किती उंचीपर्यंत पोहोचली आहे, हे तपासण्यासाठी हैदराबादहून 'इस्रो'ने महाकाय फुगा सोडला. प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक, कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर. फुग्याखाली निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर त्यांच्या झडपा उघडल्या, की आत शिरलेली हवा थंडीने गोठून जाई.

नमुन्यांची तपासणी हैदराबादची 'सीसीएमबी' ही पेशी व रेणू जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथे स्वतंत्रपणे झाली. जिवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन प्रजाती नव्या निघाल्या. अतिनील किरणांपुढे त्या आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अधिक तग धरतात. मार्च २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली : जॅनिबॅक्टर हॉइली (खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या स्मरणार्थ), बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

हे जीव अंतराळातून आले, असे यावरून सिद्ध होत नाही, हे 'इस्रो'ने तेव्हाच स्पष्ट केले. बॅसिलस आर्यभट्टाय तर पुढे शेतजमिनीतही आढळला.

जीवनाच्या सीमारेषा शोधायला दर वेळी आभाळातच जावे लागते असे नाही. पेणच्या मिठागरांतील खारवण आणि रोह्याशेजारच्या सुधागड तालुक्यातील उन्हेऱ्याची गरम कुंडे अशाच टोकाच्या परिस्थितीचे नमुने आहेत. काही मीठप्रिय सूक्ष्मजीव पेशीत पोटॅशियम साठवून संपृक्त खारवणातही जगतात.