लहानपणीचे संगोपन आणि समाजातील शांतता

दोन वर्षांचे मूल मारते, चावते, ओरबाडते, दुसऱ्याच्या हातातले खेळणे हिसकावून घेते. 'हे कुठून शिकले?' असा प्रश्न आईवडील दवाखान्यात नेहमी विचारतात. मग शेजारच्या मुलाचे नाव निघते किंवा टीव्हीचे. पण बहुतेक वेळा मूल हे कुठूनही शिकलेले नसते. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मोठ्या संख्येने मुलांचा लहानपणापासून अनेक वर्षे पाठपुरावा केला. शारीरिक मारामारी दोन ते साडेतीन वर्षे या वयात सर्वात जास्त असते आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये कमी होत जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे मारणे आपोआप येते. हात आवरणे मात्र शिकावे लागते, आणि त्याचा पाया शाळेत जाण्याआधीच घातला जातो.

मोजक्या मुलांमध्ये ही मारामारी कमी होत नाही. पुढे तरुणपणी गंभीर हिंसा करणाऱ्यांत अशा मुलांचे प्रमाण जास्त दिसते. म्हणून समाजातील हिंसेचा विचार करताना बालविकासतज्ज्ञ आता पाळण्यापासून सुरुवात करतात. २०१३ मध्ये युनिसेफ आणि अमेरिकेतील येल विद्यापीठ यांच्या सहभागाने याच विषयावर एक आंतरराष्ट्रीय गटही सुरू झाला.

मेंदू शांत व्हायला कसा शिकतो

भूक, भीती, वेदना झाली की बाळाच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक वाढते. बाळ रडते. कोणीतरी उचलून घेते, बोलते, पाजते. ताण उतरतो. हे दिवसातून कितीतरी वेळा घडते आणि दरवेळी मेंदूला एक अनुभव मिळतो, की त्रास होतो आणि तो संपतोही. बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. आधी ते मोठ्यांच्या शांतपणावर विसंबून असते, मग हळूहळू ते काम त्याच्या मेंदूतला कपाळामागचा भाग करू लागतो. रागाला लगाम घालणारा हा भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. दोन वर्षांच्या मुलाने राग गिळावा ही अपेक्षाच चुकीची आहे, ती यासाठी.

याउलट घरात रोज आरडाओरडा, मारहाण किंवा दुर्लक्ष असेल आणि जवळ घेणारे कोणी नसेल, तर ताणाची यंत्रणा सतत चालू राहते. अशा मुलाला साधा धक्कासुद्धा हल्ला वाटतो आणि विचार करण्याआधी हात उठतो. 'कडेवर घेऊन लाडावेल' ही भीती पहिल्या वर्षात तरी सोडून द्या.

जमैकातील मुले

हे सर्व पुढे टिकते का, याचे एक चांगले उत्तर जमैकातून मिळाले. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमधील, वयाच्या मानाने उंची फार कमी असलेली १२९ मुले १९८६-८७ मध्ये अभ्यासासाठी निवडली गेली. त्यांचे वय ९ ते २४ महिने होते. काहींना दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात असे. काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षे चालले.

सेविका करायच्या काय? टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी आणि चित्रांची पुस्तके न्यायच्या, मुलाशी कसे खेळायचे आणि बोलायचे ते आईला दाखवायच्या, तिला करून पाहायला लावायच्या आणि जमले की कौतुक करायच्या. एवढेच.

ही मुले २२ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा भेटले तेव्हा, ज्यांच्या घरी सेविका येत होती त्यांची बुद्धी-चाचणीतील कामगिरी चांगली होती, नैराश्य कमी होते आणि मारामारीत व गंभीर हिंसेत सहभागही कमी होता. त्यांची कमाई सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम मात्र दिसला नाही. याचा अर्थ आहार महत्त्वाचा नाही असा घेऊ नका. पण घास भरवताना कोणी बोलणारे हवे. मोबाइलवर गाणी लावून भरवलेल्या जेवणात पोट भरते, संवाद राहून जातो.

आई सुरक्षित आहे का?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे डेव्हिड ओल्ड्स यांनी असाच प्रयोग केला. तिथे परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत घरी जात. मुले १५ वर्षांची होईपर्यंतच्या नोंदी पाहता, या घरांत मुलांचा छळ व हेळसांड कमी आढळली, आणि गरिबीत एकट्या मातांनी वाढवलेल्या मुलांमध्ये अटकही कमी झाली होती. पण ज्या घरांत बाईला वारंवार मारहाण होत होती, तिथे मुलांचा छळ कमी करण्यात परिचारिकेच्या भेटींना यश आले नाही.

हा निष्कर्ष आपल्यासाठी फार मोलाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, भारतातील विवाहित स्त्रियांपैकी दहातल्या जवळपास तीन जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. अशा घरात आईला 'मुलाशी प्रेमाने बोला' असे सांगणे अपुरेच नाही, थोडे निर्दयही आहे. संगोपनाचा सल्ला आईला द्यायचा आणि हात उचलणारा बाप बाहेर बाकावर बसून राहायचा, हे बदलायला हवे. वडिलांनो, तपासणीच्या वेळी आत या.

धपाटा घालावा का?

नको. २०१६ मध्ये सुमारे १ लाख ६० हजार मुलांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. शिस्त सुधारल्याचे दिसले नाही. भावाला मारले म्हणून मुलाला मारले, तर मोठ्याने लहानाला मारायचे असते एवढेच ते शिकते. स्वीडनने १९७९ मध्ये घरातही मुलांना मारण्यावर बंदी घातली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मार बंद केला, घराचा निर्णय तुमच्या हातात आहे.

मूल मारायला धावले तर हात धरा, खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या आणि थोडक्यात सांगा: 'तुला राग आलाय. मारायचे नाही.' लांब भाषण त्या क्षणी डोक्यात शिरत नाही. भूक आणि झोप तपासा; संध्याकाळची निम्मी भांडणे यातूनच होतात. तुमचाच तोल जातोय असे वाटले तर मूल घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्या. तान्हे बाळ असेल तर त्याला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटे बाजूला जा. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला गदागदा हलवू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते.

'पोलीस पकडून नेईल', 'डॉक्टर सुई टोचतील' या धमक्याही बंद करा. आजारपणात ज्यांच्याकडे जायचे त्यांचीच भीती घालण्यात काय शहाणपण?

'आपले' आणि 'परके'

शांततेला फक्त राग आवरणे पुरत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट समाजांत तीस वर्षे रक्तपात झाला. तिथे पॉल कॉनोली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या मुलांतही आपल्या समाजाच्या झेंड्यांकडे कल दिसत होता. सहाव्या वर्षी साधारण एक तृतीयांश मुले स्वतःला एका गटाचे मानत होती आणि काही जण दुसऱ्या गटाबद्दल उघड वाईट बोलत होती. हे त्यांना कोणी पाटीवर लिहून शिकवले नव्हते.

आपल्या घरात जेवताना, गाडीत, फोनवर दुसऱ्या जातीबद्दल, धर्माबद्दल, घरकाम करणाऱ्या बाईंबद्दल आपण जे बोलतो ते मूल ऐकत असते. तिचा कप वेगळा ठेवलेला त्याला दिसतो. अंगणवाडीत सर्व घरांतली मुले एका पंगतीत जेवतात, याचे महत्त्व पोषणाहूनही अधिक आहे असे मला वाटते.

दंगली आणि युद्धे सत्तेसाठी, जमिनीसाठी, अन्यायातूनही होतात. प्रेमाने मुले वाढवून ती थांबतीलच असे नाही. शिवाय प्रत्येक मारकुट्या मुलामागे वाईट आईबाप नसतात. ऐकू कमी येणे, बोलणे उशिरा येणे, स्वमग्नता यांमुळेही मूल चिडते. शब्द नसले की हात बोलतो.

मूल दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, चार वर्षांनंतरही रोज मारामारी करत असेल, प्राण्यांना किंवा स्वतःला इजा करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तिथे पाठवू शकतात. बाळंतपणानंतर आईचे मन सतत उदास असेल किंवा राग आवरत नसेल, तर टेलि-मानस १४४१६ वर बोलता येते. घरात बाईला मारहाण होत असेल तर १८१, आणि मूल धोक्यात असेल तर १०९८ वर फोन करा.