यांत्रिक कळफलक : तारेचा आणि बिनतारी

प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्विच असलेला संगणकाचा कळफलक. बोलण्यात ‘मेकॅनिकल कीबोर्ड’. साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या बटणांखाली रबराचा एकच थर असतो आणि बटण तळाला टेकेपर्यंत दाबावे लागते. यांत्रिक स्विच त्याआधीच अक्षर उमटवतो. चेरी कंपनीच्या प्रसिद्ध एमएक्स लाल स्विचचे बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण २ मिलिमीटरवरच काम होते. दिवसभर टायपिंग करणाऱ्याच्या बोटांना हा फरक संध्याकाळी कळतो.

यवतमाळ जिल्ह्यात हा कीबोर्ड घेणारे बहुतेक जण पोटापाण्यासाठी टाइप करणारे. टायपिंग इन्स्टिट्यूटमधली मुले-मुली, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, तहसील कार्यालयाबाहेर अर्ज करून देणारे, जिनिंगच्या काट्यावर पावत्या काढणारे. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट गतीचे प्रमाणपत्र लागते.

बिनतारी म्हणजे वायरलेस कीबोर्डमुळे गती कमी होते, ही भीती निराधार आहे. मिनिटाला ४० शब्द म्हणजे सुमारे २०० ठोके, म्हणजे दर ०.३ सेकंदाला एक. तारेचा चांगला कीबोर्ड संगणकाला दर मिलिसेकंदाला खबर देतो, ब्लूटूथला काही मिलिसेकंद जास्त लागतात. टाइप करणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत. मराठी टायपिंगचेही तसेच. अक्षरांची मांडणी इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, हे संगणकातले सॉफ्टवेअर ठरवते. तारेचा त्याच्याशी संबंध नाही.

खरा फरक इतर बाबींत आहे. बॅटरी वाचवण्यासाठी वायरलेस कीबोर्ड थोड्या वेळाने झोपी जातो आणि जागा होताना पहिला ठोका कधी कधी गिळतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. एका हॉलमध्ये वीस वायरलेस कीबोर्ड असले तर कोणता कोणत्या संगणकाला जोडलेला आहे, हे शोधण्यातच तास जातो.

सर्वांत गंभीर मुद्दा गोपनीयतेचा. २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की, आठ उत्पादकांचे डोंगलवर (संगणकात खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारे स्वस्त वायरलेस कीबोर्ड प्रत्येक ठोका सांकेतिक रूपात न बदलता हवेत सोडत होते आणि सुमारे २५० फुटांवरून तो टिपता येत होता. सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाइप होतात. तिथे डोंगलचा स्वस्त कीबोर्ड ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीशी खेळणे होय.

तारेचा दोष एकच, ती कीबोर्डला जोडलेल्या जागी वाकून तुटते. म्हणून वेगळी काढता येणारी यूएसबी-सी वायर असलेला घ्यावा. वायर गेली तरी कीबोर्ड वाचतो. काट्यावर बसणाऱ्याने बटणे उपसून आतली रुई ब्रशने काढत राहावी, मग कीबोर्ड कोणताही असो.

लॅपटॉप, टॅबलेट आणि मोबाइल तिन्हींवर लिहिणाऱ्याला वायरलेस सोयीचा आहे, पण तारेवरही चालणारा घ्यावा. सेवा केंद्र आणि इन्स्टिट्यूटसाठी मात्र तारेचाच योग्य. परीक्षार्थींनी शेवटच्या महिन्यात साध्या रबरी कीबोर्डवरही सराव करावा. परीक्षेच्या टेबलावर कोणता येईल, हे आपल्या हाती नसते.