लंडनचे प्राणिसंग्रहालय आणि रविवारचा प्रश्न

मुलाबाळांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जायचे म्हटले की आज पहिला वार डोळ्यांपुढे येतो तो रविवार. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या कामगार कुटुंबाला मात्र नेमका हाच वार वगळावा लागे. हक्काच्या सुट्टीचा दिवस रविवार, आणि रीजंट्स पार्कमधील प्राण्यांची बाग सामान्यांसाठी बंद, तीही रविवारीच!

मुळात ही बाग लोकांसाठी निघालीच नव्हती. १८२६ मध्ये ‘झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन’ स्थापन झाली. सिंगापूर वसविणारे स्टॅमफर्ड रॅफल्स हे तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १८२८ मध्ये बाग उघडली ती सोसायटीच्या सभासदांसाठी, प्राण्यांच्या शास्त्रीय अभ्यासाच्या हेतूने. इतरांना आत जायचे तर एक शिलिंग मोजावा लागे, शिवाय एखाद्या सभासदाची चिठ्ठीही लागे. शिलिंग पोटाला चिमटा काढून साठवता येतो. सभासदाची ओळख कोठून आणायची?

१८४७ मध्ये चिठ्ठीची अट गेली. त्यामागे औदार्यापेक्षा खालावलेल्या उत्पन्नाची चिंता अधिक होती. नवा दर असा: सोमवारी ६ पेन्स, इतर दिवशी १ शिलिंग, म्हणजे १२ पेन्स. नवरा-बायको दोघे सोमवारी गेले तर एका शिलिंगात भागे. मंगळवारी दोन लागत.

सोमवारच का? इंग्लंडच्या कारागिरांत ‘सेंट मंडे’ नावाची जुनी रीत होती. रविवारला जोडून सोमवारीही काम टाळायचे आणि त्याला थट्टेने एखाद्या संताच्या सणाचे नाव द्यायचे! स्वतःच्या हाताने माल घडवून नगावर पैसे घेणाऱ्याला हे परवडे. ज्याला गिरणीच्या भोंग्यावर हजर व्हावे लागे, त्याच्या बाबतीत मात्र स्वस्त तिकिटाच्या हिशेबात बुडालेला रोजही धरावा लागे. सोमवारची सवलत खरी होती, पण ती सर्वांना सारखी नव्हती.

तरीही लोक आले. मे १८५० मध्ये ‘ओबेश’ नावाचे पाणघोड्याचे पिल्लू इजिप्तहून लंडनला पोहोचले. नाईल नदीतील ज्या बेटाजवळ ते पकडले गेले, त्याचेच नाव त्याला मिळाले. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला पाणघोडा, असा त्याचा बोलबाला झाला. इजिप्तचे अब्बास पाशा यांनी तो दिला आणि बदल्यात जातिवंत शिकारी कुत्रे घेतले. त्या वर्षी बागेत आलेल्या लोकांची संख्या आदल्या वर्षीच्या दुपटीच्या घरात गेली. ओबेश बहुतेक वेळ झोपलेला असे, हे त्याचे दर्शन घेणाऱ्यांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

रविवारी बाग अगदी ओस पडे असेही नाही. त्या दिवशी सभासद आणि त्यांचे पाहुणे येत. उंची पोशाखात पिंजऱ्यांमधून फेरफटका मारणे ही प्रतिष्ठितांची चाल झाली. एकीकडे रविवार हा प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी सामान्यांना करमणूक नको, असा धार्मिक मंडळींचा आग्रह होता. सभासदांच्या फेरफटक्याला तो आड आला नाही. १८७० च्या सुमारास आल्फ्रेड व्हान्स या गायकाचे ‘वॉकिंग इन द झू’ हे गाणे गाजले. त्याचा विषय हाच रविवारचा फेरफटका. ‘झू’ हा सुटसुटीत शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो या गाण्यामुळे. ज्या दिवशी लोकांना प्रवेश नव्हता, त्या दिवसाच्या गाण्याने लोकांना तो शब्द दिला.

दुसरा मार्ग नव्हता असे म्हणता येत नाही. डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयाने १८४० मध्येच रविवारचा दर एक पेनीवर आणला होता. राज्य तेच, राणीही तीच; तेथे गरीब माणूस रविवारी मुलांना घेऊन हत्ती-सिंहांच्या जगात जाऊ शके.

लंडनमध्ये बदल आला तो बागेच्या बाहेरून. १८७१ मध्ये जॉन लबक यांच्या पुढाकाराने बँक हॉलिडेचा कायदा झाला. त्यातील ईस्टर, व्हिट आणि ऑगस्टमधील सुट्ट्या सोमवारी येत. स्वस्त तिकीट आणि सुट्टी अखेर एकाच दिवशी आली, आणि या सोमवारी बागेत पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली. रविवारचा कुलूपबंद हक्क मात्र सभासदांनी विसाव्या शतकातही बराच काळ सांभाळला. ब्रिटिश म्युझियमची दारे रविवारी उघडायलाही १८९६ साल उजाडावे लागले.

इंग्रजी अमलातच, १८६२ मध्ये, मुंबईत भायखळ्याला राणीची बाग उघडली. प्राणी तेथे नंतर आले. आज तिला साप्ताहिक सुट्टी असते ती बुधवारी.