उलट्या रवीची गोष्ट

घरच्या स्मूदीत दाताखाली बर्फाचा खडा येतो, नाहीतर पेल्यात खाली पाणी आणि वर चोथा राहतो. बोल बहुतेक वेळा फळालाच लागतो. पण स्मूदीचा मुलायमपणा ठरतो तो भांड्यात फिरणाऱ्या भोवऱ्यावर, आणि हा भोवरा नीट जमायला दीड दशक लागलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रॅसीन या गावी. इंग्लंडहून आलेल्या हॉर्लिक बंधूंचा माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचा कारखाना इथेच होता. १८८३ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. ही भुकटी थंड दुधात ढवळली की गुठळ्या होत. पेयांच्या दुकानांतून विजेवर फिरणारे मिक्सर आले ते या गुठळ्या मोडायला. त्यांचा दांडा वरून पेल्यात उतरे, ताकात रवी उतरते तसाच.

रवीनं दूध एकजीव होतं, फळ होत नाही. फोड दांड्याला चुकवते आणि तळाशी जाऊन बसते. १९२२ साली रॅसीनच्याच स्टीफन पोप्लाव्स्की या पोलिश स्थलांतरिताच्या यंत्रात पातं पेल्याच्या तळाशी गेलं. रवी उलटी झाली! आता फोड आपल्याच वजनानं पात्यावर येऊ लागली. पातं द्रव बाहेर फेकतं, तो भांड्याच्या भिंतीवर चढतो, मधल्या खळग्यातून पुन्हा खाली येतो आणि येताना फळाला पात्याकडे ओढून आणतो.

तळाला भोक पाडून दांडा आत घ्यायचा, तर गळती आलीच. असंच यंत्र बनवू पाहणाऱ्या फ्रेड ऑसियस यांचं काम तिथंच अडलं होतं. त्यांना पैसा पुरवला तो लोकप्रिय वाद्यवृंदाचे प्रमुख फ्रेड वेअरिंग यांनी. दुरुस्त झालेलं यंत्र १९३७ साली शिकागोच्या उपाहारगृह प्रदर्शनात झळकलं, किंमत २९.७५ डॉलर. पुढे वेअरिंगच्या नावानं ओळखल्या गेलेल्या या यंत्राचं काचेचं भांडं गोल नव्हतं, चार पाकळ्यांचं होतं. गोल भांड्यात द्रव पात्याबरोबर नुसताच गरगरतो. पाकळीच्या कडेवर आपटला की तो मध्ये वळतो. १९५४ पर्यंत असे दहा लाख ब्लेंडर विकले गेले.

दुसरा बदल आणला फ्रीझरनं. बर्फाचा चुरा वितळला की पेय पातळ होतं. गोठवलेल्या केळ्यात मात्र पाणी गरातच अडकलेलं असतं. केळं थंडावाही देतं आणि दाटपणाही. स्मूदी मग धंदाही बनली. स्टीव्ह कुनाऊ यांनी १९७३ मध्ये लुईझियानात ज्या स्मूदीच्या दुकानाची सुरुवात केली, त्याची पुढे मोठी साखळी झाली.

आजच्या स्वयंपाकघरातही क्रम भोवऱ्याच्या सोयीनं लावावा लागतो. आधी दूध किंवा दही, मग मऊ फळ, भिजवलेला खजूर, आणि सर्वांत शेवटी गोठवलेल्या फोडी. सुरुवात मंद वेगानं. पातं नुसतंच फिरतंय आणि वरचं हलत नाही, तर पात्याभोवती हवेचा पोकळ गोळा झालेला असतो. मिक्सर थांबवून दोन चमचे दूध घातलं की तो मोडतो.

भांडंही पाहून घ्यावं. चटणीचं लहान भांडं थोडं वाटण बारीक करायला उत्तम, पण त्यात द्रवाला चढायला जागा नसते. मिक्सरच्या मोठ्या भांड्याला आतून ज्या उभ्या कडा असतात, त्या चार पाकळ्यांचंच काम करतात. गोठवलेला हापूस तिथंच लोण्यासारखा होतो.